लाल तेल आणि हिरवें पाणी



मोटारीच्या पुढच्या जाळीमागें जो रेडिएटर असतो, त्याच्या एका टाकीच्या पोटांत कित्येक मोटारींमध्यें एक लहानशी धातूची नळी दडविलेली असते. नळीच्या आंतून गिअरबॉक्सचें लाल तेल वाहतें आणि बाहेरून इंजिनाचें हिरवें पाणी. दोहोंच्या मध्यें पातळ पत्र्याची एक भिंत, एवढाच काय तो अडसर. ही भिंत धड राहिली तर ती असल्याचें मालकास आयुष्यभर ठाऊकही होत नाहीं. आणि ती केसाएवढी तडकली तर मोटारींतील अत्यंत महागड्या यंत्रांपैकीं एक थोड्याच दिवसांत निकामी होऊं शकतें. ही भिंत फुटली असतां काय घडतें, त्यावर उपाय काय, आणि वापरलेली मोटार विकत घेणाऱ्या गृहस्थानें या बाबतींत काय पाहावें, हा माझा आजचा विषय आहे.

मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नाहीं. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली आणि मुलांना अंकगणित व पदार्थविज्ञान शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. परंतु हा विषय समजण्यास दाब, उष्णता आणि शेंकडेवारी यांपलीकडचें फारसें लागत नाहीं. ज्याला स्वयंपाकघरांतल्या कुकरची शिट्टी समजते त्याला हेंही समजेल. शहरांतल्या गर्दींत दर दहा पावलांवर क्लच दाबून कंटाळलेल्या लोकांमुळें आपल्याकडे स्वयंचलित गिअरच्या मोटारी पुष्कळ झाल्या आहेत. आणि नवी परवडत नाहीं म्हणून चार-सहा वर्षें वापरलेली मोटार घेणारीं कुटुंबेंही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठीं हा खटाटोप.

हातानें गिअर बदलण्याच्या साध्या पेटींत तेलाला मुख्य काम एकच: दांत्यावर दांता कोरडा घासूं न देणें. स्वयंचलित पेटींतलें तेल मात्र एकत्र कुटुंबांतल्या थोरल्या सुनेसारखें. सगळें तिच्याच अंगावर. इंजिनाची शक्ति पुढें पोंचविणारें तेंच. एकासमोर एक ठेवलेल्या विजेच्या दोन पंख्यांपैकीं एक चालू केला तर त्याच्या वाऱ्यानें दुसरा फिरूं लागतो. त्याचप्रमाणें टॉर्क कन्व्हर्टर नांवाच्या बंद डब्यांत पात्यांचीं दोन चाकें समोरासमोर असतात आणि वाऱ्याच्या जागीं तेल असतें. आंतले क्लच दाबून धरणारें, म्हणजे वस्तुतः गिअर बदलणारें, तेंच. वंगण करणारें तेंच. आणि उष्णता वाहून नेणारेंही तेंच. गॅरेजांत त्यास एटीएफ म्हणतात. इंजिनाच्या तेलाशीं गफलत होऊं नये म्हणून त्यांत लाल रंग मुद्दाम घातलेला असतो. पूर्ण स्वयंचलित पेटी मोठ्या प्रमाणावर प्रथम विकली गेली ती अमेरिकेंत, जनरल मोटर्सच्या १९४० सालच्या नमुन्याच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत; हायड्रामॅटिक हें तिचें नांव. त्या पिढीच्या तेलांत स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचें तेल मिसळीत असत. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत अमेरिकेनें देवमाशांना कायद्याचें संरक्षण दिलें, तेव्हां रसायनशास्त्रज्ञांना दुसरी वाट शोधावी लागली. असो; देवमाशाची गोष्ट निघाली तर माझी वेळ त्यांतच संपेल.

त्या पात्यांमध्यें तेल घुसळलें जातें आणि घुसळण्यांत खर्च झालेली शक्ति उष्णता होऊन तेलांतच उतरते. ताक घुसळतांना ती जाणवत नाहीं इतकी थोडी असते. घाट चढणाऱ्या मोटारींत ती भरपूर असते. तेलाचें उष्णतामान ८० ते १०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास राहिलें तर ठीक. वरचेवर त्याच्या फार वर गेलें तर तेल काळसर, जळकट होऊन लवकर बाद होतें. तेव्हां तें थंड करणें आलें. आतां थंड होऊन आलेलें पाणी रेडिएटरमध्यें आयतेंच मिळतें. मग तेलाची नळी त्याच टाकींतून फिरवून आणली कीं काम झालें. वेगळा पंखा नको, वेगळी जाळी नको. शिवाय थंडीच्या दिवसांत हेंच पाणी तापून तेलाला लवकर ऊब देतें. ही योजना काटकसरीची आहे आणि माझ्या मतें ती चुकीची म्हणतां येणार नाहीं. तिच्यांत वैगुण्य एकच: जीं दोन द्रव्यें एकमेकांचीं वैरी, तीं एकाच घरांत एका भिंतीआड राहतात.

भिंत फुटते ती अनेक कारणांनीं. मोटारीचा सततचा कंप, रोजचें तापणें व निवणें, जोडावरचा कच्चा सांधा, आणि जुन्या झालेल्या किंवा नळाच्या पाण्यानें वाढविलेल्या कूलंटमुळें धातूला लागणारी कीड. कूलंट म्हणजे नुसतें पाणी नव्हे. पाण्यांत साधारण निम्मे एथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारीं द्रव्यें मिसळून तें केलेलें असतें. तें गंज रोखण्याचें सामर्थ्य कांहीं वर्षांत संपतें. उन्हाळ्यांत पातळी उतरली म्हणून तांब्याभर बोअरिंगचें पाणी ओतून मोकळे होणारे लोक मीं पाहिले आहेत. त्या पाण्यांतील क्षार कोठें जाऊन बसतात याचा विचार ते करीत नाहींत.

भिंतीला भेग पडली म्हणजे कोण कोणांत शिरतें? येथें दाबाचा खेळ पाहण्यासारखा आहे. इंजिन चालू असतां गिअरबॉक्सचा पंप तेल ढकलीत असतो व तेलाचा दाब बहुधा पाण्याहून अधिक असतो. म्हणून धांवत्या मोटारींत तेल पाण्यांत जातें. मोटार उभी करून चावी फिरविली कीं पंप थांबतो व तेलाचा दाब शून्यावर येतो. परंतु रेडिएटर अजून तापलेला आहे, त्याचें झांकण घट्ट आहे. गॅस बंद केल्यावरही कुकरमध्यें वाफ कोंडलेली असावी तसा पाण्याचा दाब शिल्लक असतो. आतां पाणी तेलांत जातें. म्हणजे धनी दमून घरांत चहा घेत असतो आणि खालीं उभ्या असलेल्या मोटारींत गिअरबॉक्स हळूहळू पाणी पीत असतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मोटार सुरू झाली कीं तें सारें घुसळलें जाऊन त्याचा गुलाबी, फेसाळ, दुधासारखा लगदा बनतो.

आतां एवढ्याशा पाण्यानें लोखंडाच्या यंत्राचें असें काय बिघडावें, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. उत्तर असें कीं त्या पेटींतला कळीचा भाग लोखंडाचा नाहींच. तो कागदाचा आहे. स्वयंचलित गिअरबॉक्सच्या क्लचमध्यें पोलादी कड्यांवर एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असें कागदी अस्तर चिकटविलेलें असतें. वनस्पतींचे तंतू, कृत्रिम तंतू आणि राळेसारखें बांधणारें द्रव्य यांचा तो टीपकागदासारखा सच्छिद्र थर असतो. छिद्रांतून तेल भरलेलें असलें म्हणजे तो वर्षानुवर्षें हजारों वेळां पकडतो आणि सोडतो. पण टीपकागदाचा धर्म आपण जाणतांच: त्याला तेलापेक्षां पाणी अधिक प्रिय. पाणी आलें कीं तें छिद्रांतील तेलाला हुसकून स्वतः जागा घेतें. अस्तर फुगतें, मऊ पडतें, आणि त्याला कड्याशीं धरून ठेवणारा डिंक सैल होतो. मग ज्या क्षणीं क्लच जोरानें पकडतो त्या क्षणीं अस्तराचे पापुद्रे सुटतात आणि तेलाबरोबर फिरत जाऊन गाळणी व बारीक मार्ग तुंबवितात. आजच्या पेटींत विजेवर चालणाऱ्या झडपाही असतात. त्यांना व त्यांच्या तारांना ओल मानवत नाहीं, हें निराळें सांगावयास नको.

कोणी म्हणतात, लांब फेरी मारा, तेल तापेल आणि पाणी वाफ होऊन निघून जाईल. अर्धें सत्य हें असत्यापेक्षां महाग पडतें, त्यांतला हा प्रकार आहे. पाणी १०० अंशांस उकळतें, त्यामुळें त्यांतलें कांहीं वाफ होऊन श्वासनळींतून जाईलही. परंतु एथिलीन ग्लायकॉल १९७ अंशांस उकळतें. गिअरबॉक्स तेवढा तापत नाहीं, आणि तापला तर पाण्याआधीं आपणच त्याची आशा सोडावी. म्हणजे पाणी गेलें तरी ग्लायकॉल आंतच राहतें, आणि त्या फेरींत सैल झालेलीं अस्तरें मात्र सोलून निघतात.

या रोगाची सर्वांत गाजलेली सांथ अमेरिकेंत आली. निसान कंपनीच्या २००५ ते २०१० या सालांच्या नमुन्यांच्या पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटिअर या तीन दणकट गाड्यांच्या रेडिएटरमध्यें तेलाची नळी फुटून कूलंट गिअरबॉक्समध्यें शिरूं लागलें. मालकांनीं त्या गुलाबी लगद्याला स्ट्रॉबेरीच्या मिल्कशेकचें नांव दिलें. त्यापुढें ‘मृत्यूचा’ असें विशेषणही जोडलें, यावरून त्यांचा अनुभव समजावा. २०१० सालीं कंपनीनें रेडिएटरची हमी ८ वर्षें किंवा ८० हजार मैल, म्हणजे सुमारें १ लाख २८ हजार किलोमीटर, येथपर्यंत वाढविली. त्याच सालीं न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयांत मालकांच्या वतीनें सामुदायिक दावा दाखल झाला आणि २०१३ सालीं तडजोड मान्य झाली. तिच्या अन्वयें हमी १० वर्षें किंवा १ लाख मैल येथपर्यंत गेली. मात्र वाढीव मुदतींत बिघाड झाला तर पहिले अडीच ते तीन हजार डॉलर मालकानें स्वतः सोसावयाचे होते. त्या तडजोडीचा हिशेब केला तर २०१० सालच्या गाडीचीं दहा वर्षें २०२० सालींच भरलीं. तेव्हां आज त्यांतली एखादी गाडी तेथें कोणी जुन्या बाजारांत घेतली, तर कंपनीच्या त्या वचनाचा त्यास कांहींएक उपयोग नाहीं. शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं तिकडे गेलेलीं आपलीं मुलें प्रथम जुनी मोटार घेतात. त्यांच्या आईबापांनीं हें पत्रांत, किंवा हल्लीं जें कांहीं पत्राच्या जागीं आलें आहे त्यांत, कळवून ठेवावें.

त्या देशांतल्या जाणत्या मालकांनीं काय केलें, तेंही ऐकण्यासारखें आहे. भिंत फुटण्याची वाट न पाहतां कांहींनीं रेडिएटरच बदलून टाकला. कांहींनीं तेलाच्या दोन्हीं नळ्या रेडिएटरपासून सोडवून, पुढें वाऱ्याच्या झोतांत बसविलेल्या स्वतंत्र जाळीला जोडल्या. म्हणजे तेल वाऱ्यानें थंड होतें आणि पाण्याशीं त्याचा संबंधच उरत नाहीं. फार थंड प्रदेशांत असें केल्यानें तेल तापावयास वेळ लागतो, हा त्यांतला तोटा. पुण्या-मुंबईस तो फारसा जाणवूं नये.

आतां लक्षणें. गिअरबॉक्सची तेलपट्टी बाहेर काढतां येत असेल तर तिच्यावर स्वच्छ लाल तेलाऐवजीं गुलाबी दुधाळ फेस दिसतो. पुष्कळ नव्या मोटारींत ही पट्टीच नसते; तेथें मेकॅनिकला गाडी उचलून बूच काढून पाहावें लागतें. दुसरी बाजू पाहणें सोपें: कूलंटच्या पारदर्शक डब्यांत तेलाचा तवंग किंवा गुलाबी साय दिसते, आणि गळती कोठें दिसत नसतां कूलंट कमी होत जातें. येथें एक सावधगिरी. कूलंट हिरवेंच असतें असें नाहीं. लाल, गुलाबी, निळें अशा रंगांचेंही मिळतें. म्हणून रंगावरून निदान करूं नये, तवंग आणि दुधाळपणा पाहावा. तसेंच इंजिनाच्या तेलांत पाणी शिरलें तर इंजिनाच्या झांकणाखालीं पिवळट-तपकिरी मलई जमते; तो रोग निराळा आणि त्याचा वैद्यही निराळा. आणि हो, तापलेल्या रेडिएटरचें झांकण कुतूहलापोटीं उघडूं नये. दाबाखालचें उकळतें पाणी थेट तोंडावर येतें.

चालविण्यांतलीं लक्षणें याहून उशिरां येतात. मागचा गिअर घातल्यावर मोटार क्षणभर विचार करते. चढावर इंजिन ओरडतें पण वेग वाढत नाहीं. आणि साठ-सत्तरच्या स्थिर वेगानें सपाट रस्त्यावर जात असतां, रस्त्यावर आडव्या बारीक पट्ट्या असाव्यात तशी थरथर जाणवते. ही थरथर बहुधा टॉर्क कन्व्हर्टरच्या आंतल्या क्लचची. तो थोडा निसटत, थोडा पकडत राहावा अशीच पुष्कळदां त्याची रचना असते. म्हणून अस्तर बिघडल्याची पहिली कुरकुर तोच करतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत येथें उपयोगी पडेल. मोटारीच्या कारखान्याचें वा विकणाऱ्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. या गृहस्थाचा डावा गुडघा अपघातानंतर नीट वाकत नाहीं, आणि आईला आठवड्यांतून तीनदां डायलिसिससाठीं न्यावें लागे. तेव्हां मोटार हौसेची नव्हे, गरजेची. आणि क्लच नसलेलीच हवी. सहा वर्षें वापरलेली मोटार त्यानें घेतली. घेण्यापूर्वीं त्यानें तेल पाहिलें. तें माणकासारखें लाल होतें. गाडी चालवून पाहिली. ती लोण्यासारखी चालली. चार महिन्यांनीं ती थरथर सुरू झाली. गॅरेजवाल्यानें पेटी उतरवून उघडली तेव्हां तेल लालच होतें, पण गाळणींत कागदी अस्तराचे पापुद्रे होते. मग त्या म्हाताऱ्या मेकॅनिकनें त्याला हात धरून मोटारीच्या तोंडाशीं नेलें आणि रेडिएटरच्या टाकीवरची तारखेची खूण दाखविली. मोटार सहा वर्षांची, आणि रेडिएटर एका वर्षाच्या आंतला! कूलंटची एक रबरी नळी तेल पिऊन फुगलेली तशीच राहिली होती. काय घडलें तें उघड झालें. भिंत पूर्वींच फुटली होती. कोणीतरी रेडिएटर नवा बसविला, गिअरबॉक्स धुतला, ताजें तेल भरलें आणि मोटार बाजारांत आली.

धुतल्यानें काय होतें व काय होत नाहीं, याचें गणित मीं त्यास एका कागदावर करून दाखविलें. तें आपणही करून पाहावें. समजा पेटींत एकंदर १० लिटर द्रव आहे आणि त्यांत १ लिटर कूलंट मिसळलें आहे. बूच काढलें तर सगळें तेल निघत नाहीं, कारण बरेंचसें टॉर्क कन्व्हर्टरमध्यें अडकून राहतें. समजा ४ लिटर निघालें व तेवढेंच नवें घातलें. आंत उरलेलें कूलंट ६०० मिलिलिटर. दुसऱ्यांदां तसेंच केलें तर ३६०, तिसऱ्यांदां २१६, चौथ्यांदां १३०, पांचव्यांदां ७८. म्हणजे २० लिटर महाग तेल खर्च करूनही पांच मोठे चमचे कूलंट आंतच. मध्यंतरीं रंग मात्र तिसऱ्या-चौथ्या वेळेसच लालभडक दिसूं लागतो! आणि हें गणित केवळ मोकळ्या तेलाचें झालें. कागदाच्या छिद्रांत शिरलेलें पाणी आणि सैल पडलेला डिंक या गणितांत येतच नाहींत. तेल धुतां येतें. अस्तर धुतां येत नाहीं.

त्याच्यापुढें दोन वाटा होत्या. पेटी पूर्ण उकलून सर्व अस्तरें व टॉर्क कन्व्हर्टर नवे बसविणें ही एक. तिचा खर्च मोटारीच्या खरेदीच्या जवळजवळ दोन-पंचमांश येत होता. दुसरी वाट एका दलालानें सुचविली. ताजें तेल भरलें म्हणजे थरथर कांहीं दिवस दबते, आणि तें खरेंही आहे, कारण नव्या तेलांत घर्षण सुरळीत ठेवणारीं द्रव्यें ताजीं असतात. “तेवढ्या दिवसांत विकून मोकळे व्हा, साहेब, घेणाऱ्याला काय स्वप्न पडणार आहे?” विद्यार्थी माझ्याकडे आला तो हें विचारावयास. मी कांहीं बोलण्याच्या आंतच त्याची पत्नी म्हणाली, “अहो, त्या घेणाऱ्याच्या घरींही कोणाची तरी आई असेल.” दोन महिने रिक्षानें आईच्या खेपा झाल्या, सोनें गहाण पडलें आणि पेटी नवी झाली. पूर्वीच्या मालकास लबाड म्हणावयास मात्र मी तयार नाहीं. त्यालाही कोणा गॅरेजवाल्यानें ‘धुतलें, आतां काळजी नाहीं’ असें सांगितलें असण्याचा संभव आहे. पण रेडिएटर कां बदलला हें त्यानें सांगावयास हवें होतें.

मोटार घेण्यापूर्वीं काय पाहावें हें या हकीकतीवरूनच निघतें. स्वच्छ लाल तेल हा पुरावा नव्हे. उलट जुन्या मोटारींत तें अगदींच ताजें दिसलें तर कां बदललें, असें विचारावें. रेडिएटर मोटारीपेक्षां वयानें लहान असेल तर बिल मागावें. अपघातांत पुढचा भाग चेपल्यामुळें बदलला असेल तर बंपर आणि दिवेही त्याच सुमारास बदललेले आढळतील. नुसता रेडिएटर आणि गिअरबॉक्सचें तेल एकाच महिन्यांत बदललें असेल तर मी ती मोटार घेणार नाहीं. कूलंटच्या नळ्या बोटांनीं दाबून पाहाव्यात. तेल लागलेलें रबर फुगीर व चिकट होतें. मोटार गरम झाल्यावर निदान अर्धा तास, घाट नसला तर उड्डाणपुलावरून तरी, चालवून पाहावी. गल्लींतली एक फेरी पुरेशी नव्हे. शंका राहिली तर चहाच्या पेल्याएवढें तेल प्रयोगशाळेंत पाठवून ग्लायकॉलचा अंश तपासून घेतां येतो. मोटारीच्या किंमतीच्या मानानें तो खर्च किरकोळ आहे.

पुराच्या मोटारींचीही चौकशी येथेंच करावी. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां मुंबईंत हजारों मोटारी बुडाल्या. गिअरबॉक्सला हवा खेळती राहण्यासाठीं श्वासनळी असते. पाणी तिच्यावर चढलें कीं आंत शिरतें. तें कूलंट नव्हे, पण कागदाला त्याचें काय! अशा मोटारी पुसून-धुवून दूरच्या शहरांत विकावयास येतात. आसनांच्या खालच्या खिळ्यांवरचा गंज आणि सुटे चाक ठेवण्याच्या खळग्यांतला चिखल त्यांची चहाडी करतात.

आणि आपल्याच मोटारींत हा प्रकार उघडकीस आला तर? पहिली गोष्ट, इंजिन बंद करावें आणि पुन्हां सुरू करूं नये; ‘गॅरेज जवळच आहे’ हा विचार फार महाग पडतो. मोटार ओढून न नेतां उचलून न्यावी, निदान चालणारीं चाकें तरी जमिनीला लागूं देऊं नयेत. कारण इंजिन बंद असतां पंप चालत नाहीं आणि फिरणारे भाग कोरडे घासतात. तेलाच्या नळ्या सोडवून रेडिएटरमधील नळींत हवेचा दाब भरला कीं पाण्यांत बुडबुडे येतात. भेग तेथेंच आहे हें त्यावरून निश्चित होतें. रेडिएटर सांधून घेण्याच्या भरीस न पडतां नवा घालावा. मग प्रश्न येतो तो गिअरबॉक्स धुवावा कीं उकलावा हा, आणि त्याचें उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: मोटार त्या स्थितींत किती चालली? रात्रींत पाणी शिरलें आणि सकाळीं पट्टी पाहतांच लक्षांत आलें, तर तेलाच्या दोन्हीं नळ्या सोडून एका बाजूनें नवें तेल घालीत दुसऱ्या बाजूनें जुनें काढावें, गाळणी बदलावी, तळाची ताटली पुसावी, आणि थोड्याशा चालीनंतर तेंच पुन्हां करावें. पेटी वांचण्याची बरीच आशा असते. पण मोटार गुलाबी तेलावर दिवसेंदिवस धांवली असेल, किंवा थरथर व निसटणें सुरू झालें असेल, तर धुण्यावर पैसे घालवूं नयेत. पेटी उकलून अस्तरें व टॉर्क कन्व्हर्टर नवे घ्यावे. जुना कन्व्हर्टर आंतून स्वच्छ करणें जवळजवळ अशक्य असतें. मोटार वापरलेली असेल आणि मागचा इतिहास ठाऊक नसेल, तर मी दुसऱ्या वाटेकडेच झुकेन. तेल कोणतें घालावें हें त्या मोटारीच्या पुस्तकांत असतें; दुकानदार ‘सगळ्यांना चालतें’ म्हणून देईल तें घेऊं नये. इंजिनाची बाजूही विसरतां कामा नये: कूलंटचे मार्ग तेलकट झालेले असतात, ते धुवावे लागतात आणि फुगलेल्या रबरी नळ्या बदलाव्या लागतात.

ज्यांच्या मोटारींत गिअर हातानें बदलतात त्यांनीं या रोगाची चिंता करूं नये. त्या पेटीचें तेल सामान्यतः आपल्या जागीं स्वस्थ असतें. २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओ मोटारीबरोबर आपल्याकडे जी स्वस्त स्वयंचलित पद्धत आली, ती म्हणजे वस्तुतः हातानें बदलण्याचीच पेटी. तिचा क्लच व गिअर माणसाऐवजीं यंत्र हालवितें इतकेंच. टॉर्क कन्व्हर्टरच्या आणि इतर कित्येक स्वयंचलित पेट्यांत मात्र तेल पाण्यानें थंड करण्याची योजना असते. आपल्या मोटारींत ती आहे कीं नाहीं, आणि असल्यास रेडिएटरच्या पोटांत कीं बाहेर निराळ्या खोक्यांत, हें मेकॅनिकला एकदां विचारून ठेवावें. पोटांत असेल आणि मोटार आठ-दहा वर्षांची झाली असेल, तर रेडिएटर फुटण्याआधींच बदलून टाकणें मला शहाणपणाचें वाटतें. कूलंट पुस्तकांत दिलेल्या मुदतीस बदलावें, आणि वाढवायचेंच तर ऊर्ध्वपातित पाणी घालावें, नळाचें नव्हे.

जुनें कूलंट काढाल तेव्हां तें अंगणांत किंवा गटारांत सोडूं नका, उघड्या बादलींतही ठेवूं नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतें आणि विषारी असतें. कुत्रीं-मांजरें तें चाटतात, लहान मुलेंही चाटूं शकतात. झांकणाच्या डब्यांत भरून, वर मोठ्या अक्षरांत ‘विष’ असें लिहून, तें गॅरेजवाल्याच्याच स्वाधीन करावें.